पावसाळ्यात मँडोलिनचं पॉलिश पांढरं पडतं: कारण कसं ओळखायचं, काय करायचं

जून लागला की ही तक्रार सुरू होते. मेपलची पाठ चमकतेय, स्प्रूसच्या तबलीवर (वाद्याच्या पुढच्या फळीवर) सनबर्स्ट, म्हणजे मधून फिकट आणि कडेला गडद होत जाणारा रंग, मनासारखा उतरलाय, आणि शेवटच्या दोन-तीन हातांना अंगावर दुधाळ साय धरते. कुठे ढगासारखे डाग, कुठे रंध्रांत पांढरे ठिपके, कुठे सगळंच धुरकट. खरं नुकसान त्यानंतर होतं. ‘अजून एक हात दिला की जाईल’ असं म्हणत वरून आणखी लॅकर किंवा चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) चढवला जातो, ओल आत कोंडते आणि अर्ध्या तासाचं काम लाकडापर्यंत घासण्यावर जातं.

म्हणून आधी हात थांबवा. वाद्य घरातल्या सगळ्यात कोरड्या खोलीत चोवीस तास टांगून ठेवा. पंखा लावू नका. ओल्या थरावर वारा घातला तर द्रावक जास्त वेगाने उडतं आणि पृष्ठभाग आणखी थंड होतो, आणि पांढरेपणाचं मूळ तर तिथेच आहे. हलकी साय असेल तर निम्म्या वेळा ती दुसऱ्या दिवशी आपोआप गेलेली असते. नसेल गेली तर पुढचं वाचा.

आधी अंगावर काय आहे ते पाहा

वाद्य स्वतः बनवलेलं असेल तर प्रश्न नाही, पण दुरुस्तीला आलेल्या मँडोलिनवर कोणतं फिनिश आहे हे सांगणारा सहसा कोणी नसतो. टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) काढा आणि त्याखालच्या झाकल्या जागेवर कापसाच्या काडीने स्पिरिट लावा. दहा-पंधरा सेकंदांत चिकट झालं, काडीला पिवळट रंग आला, तर चपडा. स्पिरिटने फारसा फरक पडला नाही पण एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या द्रावकाने) लगेच मऊ झालं, तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पीयू (पॉलियुरेथेन), पॉलिएस्टर किंवा मेलामाइन. स्वस्त, कारखान्यात बनलेल्या मँडोलिनवर बहुधा हेच असतं. या शेवटच्या प्रकाराला खालचे उपाय लागू पडत नाहीत. त्यात पांढरं दिसलं तर बहुतेकदा थर लाकडापासून सुटलेला असतो, आणि तिथे खरवडून पुन्हा भरण्याला पर्याय नाही.

दुसरी चाचणी टर्पेंटाइनची. टर्पेंटाइनने ना चपडा विरघळतो ना लॅकर. मऊ फडकं जरासं ओलं करून पांढऱ्या भागावरून फिरवा. ओलं असेपर्यंत पांढरेपणा गेला आणि वाळल्यावर परत आला, तर दोष वरच्या वर आहे: बारीक ओरखडे, धूळ, किंवा अगदी पृष्ठभागावर उमटलेली साय. फडक्यासोबत पांढरेपणा सरकला, धब्बे पडले, तर ते तेल. काहीच बदल झाला नाही तर दोष थराच्या आत आहे. या एका मिनिटाच्या चाचणीने पुढचे कितीतरी तास वाचतात. तरी ती कोणी करत नाही!

मग स्वतःला विचारा, पांढरं कधी पडलं? फवारल्यावर पाच मिनिटांत पडलं असेल तर पाणी हवेतून आलं. बोळा (चपडा चढवायची कापडी पुरचुंडी) फिरवताना, बोळ्याच्या मागोमागच पांढरट पट्टा उमटत असेल तर पाणी स्पिरिटमध्ये आहे. सगळं छान होतं आणि दोन-तीन आठवड्यांनी धुरकटलं, तर तेल किंवा मेण. ठिपके फक्त रंध्रांतच असतील तर प्युमिस (रंध्रं भरायची दगडाची बारीक भुकटी) किंवा घासल्याची पावडर. आणि वाजवून-वाजवून, हात टेकतो तिथेच पडलं असेल तर घाम.

हवेतलं पाणी

मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलैच्या दिवशी हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के धरा. त्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या जरा वर असतो. म्हणजे कोणताही पृष्ठभाग हवेपेक्षा फक्त तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव धरणार. लॅकरच्या थिनरमधली ॲसिटोनसारखी झपाट्याने उडणारी द्रावकं पृष्ठभाग सहज पाच-सहा अंशांनी थंड करतात. स्पिरिटही करतं, हातावर चार थेंब टाकून फुंकर मारा, कळेल. ओल्या थरावर हे दव पडलं की लॅकरमधलं नायट्रोसेल्युलोज किंवा चपड्यातली राळ सूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडते, प्रकाश विखुरतो आणि आपल्याला दूध दिसतं. त्याच २८ अंशांना आर्द्रता ६५ टक्के असेल तर दवबिंदू २१ च्या आसपास उतरतो, ५० टक्क्यांना १७ च्या खाली. तीन अंशांची सवड सात, अकरा अंशांची होते. सगळा खेळ या आकड्यांचा आहे.

त्यामुळे हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) नसताना पावसाळ्यात फिनिशिंगला बसणं म्हणजे अंधारात पटाशी चालवणं. साधा डिजिटल पुरतो, पण तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात जेवणातलं मीठ घेऊन चमचाभर पाण्यात दाट चिखल करा, तो आणि हायग्रोमीटर घट्ट झाकणाच्या बरणीत दहा-बारा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. यंत्र ८१ दाखवत असेल तर ते सहाने जास्त दाखवतं, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

चपड्यासाठी ६५ टक्क्यांखाली, लॅकर फवारायला ५५ ते ६० खाली, ही आमची मर्यादा. त्यावर जाऊन काम होतच नाही असं नाही. पण मग रिटार्डर (थिनरमध्ये मिसळायचं, सावकाश उडणारं द्रावक), पातळ हात आणि नशीब, तिन्हींची गरज लागते.

आता एक चूक, जी मुंबई-ठाण्यात सर्रास होते. वाद्य एसीच्या खोलीत २४ अंशांना ठेवायचं, कारण तिथे कोरडं राहतं, आणि फवारायला मात्र गॅलरीत न्यायचं, कारण वास. गॅलरीतल्या हवेचा दवबिंदू २५, वाद्य २४. थिनर उडायच्या आधीच लाकडावर दव पडलेलं असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. वाद्य बाहेर काढायचंच असेल तर आधी ते बाहेरच्या हवेइतकं किंवा त्याहून दोन-तीन अंश गरम होऊ द्या. गोणपाटात गुंडाळून नव्हे, कोरड्या गरम कपाटात.

हे कपाट बनवायला एक दिवस पुरतो. बारा मिमी प्लायची पेटी, आतून साधारण दोन फूट रुंद, दीड फूट खोल, साडेतीन फूट उंच. तळाशी आणि माथ्याशी दोन-दोन इंचांची भोकं. तळात जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा बल्ब आणि त्यावर पत्र्याची छत्री, म्हणजे उष्णता थेट वाद्यावर जात नाही. एलईडी चालणार नाही, तो पुरेसा गरम होत नाही. २८ अंश आणि ८५ टक्क्यांची हवा ३४ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच असतं, पण लाकडाला आणि थराला ते कमी जाणवतं. ३८ अंशांपुढे जाऊ नका, सरसाने जोडलेलं वाद्य असेल तर मुळीच नाही. तारा चढवलेल्या असतील तर उतरवा. आणि पहिल्याच दिवशी थेट ३४ अंशांवर नेऊ नका. तीन-चार दिवसांत चढवत जा, नाहीतर तबलीचा मधला जोड बोलायला लागेल.

ठळक इशारा: नुकतं लॅकर फवारलेलं वाद्य या पेटीत ठेवू नका. थिनरची वाफ आणि तापलेला बल्ब बंद पेटीत एकत्र आले तर भडका उडतो. पेटी आहे ती काम सुरू करण्यापूर्वी वाद्य कोरडं करायला, आणि द्रावकाचा वास पूर्ण गेल्यावर थर पिकवायला. बंद एसी खोलीत फवारणीही नको, त्याच कारणाने. तिथे चपड्याचा बोळा फिरवायला हरकत नाही, खिडकीची फट ठेवून. फवारताना मास्क द्रावकांच्या वाफेचा, कार्ट्रिजवाला. धुळीचा कापडी मास्क इथे शोभेचा.

कॉम्प्रेसर वापरत असाल तर हवेतलं पाणी तोच गोळा करून देतो. टाकीच्या तळाची चावी रोज सकाळी आणि पावसाळ्यात दर तासाला उघडा. पाण्याचा सापळा कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच बसवला तर उपयोग कमी, कारण तिथे हवा गरम असते आणि पाणी वाफेच्या रूपात आरपार जातं. मध्ये पाच-सात मीटर पाइप जाऊ द्या, हवा थंड होऊ द्या, मग सापळा.

स्पिरिटमधलं पाणी

फ्रेंच पॉलिशमध्ये, म्हणजे बोळ्याने चढवलेल्या चपड्यात, पांढरेपणाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं आणि सगळ्यात कमी वेळा तपासलं जाणारं कारण हे. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं पॉलिशचं स्पिरिट किती दिवस उघड्या कॅनमध्ये होतं, देव जाणे. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी रिकामी बाटली वारंवार उघडली की ते महिनाभरात बिघडतं.

तपासायला मोरचूद (कॉपर सल्फेट) वापरा. चमचाभर निळी मोरचूद जुन्या स्टीलच्या पळीत, उघड्या हवेत, पांढरी भुकटी होईपर्यंत तापवा. ती पळी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, मोरचूद विषारी आहे. थंड झाल्यावर चिमूटभर भुकटी परीक्षानळीत किंवा काचेच्या छोट्या बाटलीत टाका, वर स्पिरिट ओता, बूच लावा, हलवा. तळाची भुकटी पांढरी राहिली तर स्पिरिट कोरडं. निळी पडू लागली तर पाणी आहे. स्पिरिट स्वतःच रंग घातलेलं असेल तर द्रवाकडे न बघता तळाकडे बघा.

रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्क्यांचं असतं, म्हणजे पाच टक्के पाणी जन्मापासूनच. उन्हाळ्यात ते खपून जातं, जुलैत नाही. सहज मिळणारा चांगला पर्याय म्हणजे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपाइल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘आयपीए’ म्हणून मिळतं ते. त्यात चपडा विरघळायला जास्त वेळ लागतो, पण ते एथिल अल्कोहोलपेक्षा सावकाश उडतं, म्हणजे पृष्ठभाग कमी थंड होतो. पावसाळ्यात हा फायदाच. केमिस्टकडचं ७० टक्क्यांचं आणि घरात उरलेलं सॅनिटायझर, दोन्ही बाद. डीनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेल्या) स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, तेव्हा हातमोजे घाला. पॉलिशवाले घालत नाहीत, त्यांच्या बोटांकडे बघा.

चपडाच शिळा असेल तर

पांढरं पडणं आणि चिकट राहणं ही जोडी दिसली की चपड्याकडे बघायचं. विरघळवलेला चपडा टिकत नाही. लाखेतली आम्लं आणि अल्कोहोल हळूहळू एकमेकांशी जुळतात आणि तयार होणारा पदार्थ कधीच कडक होत नाही. थंड हवेत सहा महिने, आपल्या उकाड्यात तीन, एवढंच आयुष्य धरा. बाटलीवर तारीख लिहा. काचेच्या तुकड्यावर एक थेंब पातळ फासा: वीस मिनिटांत बोटाला चिकटता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी नखाने खरवडल्यावर कोरडी कपची निघाली पाहिजे. नखाखाली मेणासारखा गोळा झाला तर बाटली ओतून द्या. तिच्यात नवा चपडा घालून ती वाचत नाही.

प्रमाण: १०० मिली स्पिरिटला १५ ग्रॅम चपडा. एका मँडोलिनला साधारण दीडशे मिली द्रावण पुरतं, तेव्हा लिटरभर करून ठेवण्यात अर्थ नाही. चपडा खलबत्त्यात भरड कुटा, रात्रभर भिजू द्या, अधूनमधून हलवा, मलमलीच्या दुपदरी फडक्यातून गाळा. बरणी काचेचीच. लोखंडी डब्यात ठेवलात तर लाख लोखंडाशी भिडून काळपट होते आणि तो काळेपणा मेपलवर उतरतो.

साध्या चपड्यात नैसर्गिक मेण असतं, वजनाच्या तीन ते पाच टक्के. खुर्चीला ते चालतं, उलट बोळा मऊ फिरतो. वाद्याच्या गडद सनबर्स्टवर मात्र हेच मेण धुकं होऊन दिसतं आणि थराची पाण्याला दाद न देण्याची ताकदही कमी करतं. मेण काढलेला चपडा विकत मिळतो. घरी काढायचं तर गाळलेली बरणी आठ-दहा दिवस न हलवता ठेवा, पिवळट गाळ तळाला बसेल, वरचं स्वच्छ द्रावण प्लास्टिकच्या नळीने किंवा मोठ्या सिरिंजने काढून घ्या. शेवटचे दोन बोटं द्रावण सोडून द्या, हाव करू नका. पांढरा, ब्लीच केलेला चपडा दिसायला मोहक असतो, पण तो कोरडा असतानाच सगळ्यात लवकर खराब होतो. स्पिरिटमध्ये घातल्यावर त्याची जेली झाली तर तो गेलेला समजा.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारी-तानपुऱ्यांवर हाच चपडा पिढ्यान्‌पिढ्या चढतोय (२०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं). मिरज घाटाच्या कोरड्या बाजूला आहे. तिथून ऐकलेली कृती जशीच्या तशी चिपळुणात जुलैत केली आणि फसली, तर त्यात कृतीचा दोष नाही.

तेल आणि प्युमिस

बोळा सरकावा म्हणून तेल लागतं. किती? बोळ्याच्या तळव्याला बोटाने टेकवलेला एक थेंब, तोही दोन-तीन वेळा चपडा भरल्यानंतर. बोळा अडखळतो म्हणून थेंबावर थेंब वाढवत गेलं की चमक झटपट येते, मन खूश होतं, आणि पंधरा दिवसांनी तेल वर येऊन वाद्य धुरकटतं. पावसाळ्यात बोळा अडखळतो तो बहुतेकदा खालचा थर वाळलेला नसल्यामुळे. तिथे तेल नको, एक दिवसाची सुट्टी हवी.

वर आलेलं तेल काढायला बोळ्याचं जुनं कापड फेका, नवं स्वच्छ मलमल घ्या. त्यावर तीन-चार थेंब कोरडं स्पिरिट. हाताच्या पाठीला लावून पाहा, गार वाटलं पाहिजे, ओलं नाही. मग तबलीच्या रेषांच्या दिशेने, विमान उतरावं तसं टेकवत आणि उचलत, हलके सरळ हात. बोळा मध्येच थांबला तर तिथे खड्डा पडतो. आठ-दहा हात झाले की थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. स्वयंपाकाचं गोडं तेल किंवा सरकीचं तेल वापरू नका. अक्रोडाचं किंवा लिक्विड पॅराफिन ठीक. अक्रोड, जवस अशी वाळणारी तेलं लागलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा.

मेपल आणि स्प्रूसला रंध्रं भरण्याची गरज जवळजवळ नसते. महोगनीचा नेक (वाद्याची मान), शिसवीचा हेडस्टॉकचा (खुंट्या बसतात त्या माथ्याचा) पापुद्रा, इथे प्युमिस लागते आणि ठिपकेही इथेच उरतात. प्युमिस चपड्याने पूर्ण भिजली की पारदर्शक होते. कोरडी राहिली की पांढरी दिसते. म्हणून चिमटीपेक्षा जास्त टाकू नका. ठिपके उरले असतील तर त्या भागावर स्पिरिट जास्त आणि चपडा कमी असा बोळा गोल फिरवत राहा, ती भिजून नाहीशी होते. पांढऱ्या लेपाचा पॉलिश पेपर वापरला असेल तर त्याची पावडरही रंध्रांत अडकते. ब्रशने आणि कोरड्या हवेने ती आधी काढावी लागते, भिजवून जात नाही.

स्क्रोल, कोपरे, एफ-होल

ए-स्टाइलचं (थेंबाच्या आकाराचं, स्क्रोल नसलेलं) वाद्य असेल तर स्क्रोल आणि कोपऱ्यांचा भाग सोडून द्या. एफ-स्टाइलच्या स्क्रोलच्या (खांद्याजवळच्या गुंडाळीच्या) आतल्या वळणात तीन बाजूंनी फवारा पोचतो, म्हणजे थर तिप्पट जाड. द्रावक तिथून आठवडाभर सुटत नाही आणि वळण दुधाळ राहतं. स्क्रोलला फवारायचं सगळ्यात शेवटी, एकदाच, लांबून. किंवा फवारण्याऐवजी ०-१ नंबरच्या मऊ ब्रशने पातळ हात. टोकदार कोपऱ्यांवर उलट होतं: थर तिथून ओघळून पातळ राहतो, आणि दुरुस्तीत घासताना आधी तोच उघडा पडतो. एफ-होलच्या (तबलीतल्या f आकाराच्या भोकांच्या) कडेला लाकडाच्या उघड्या नळ्या असतात, त्या लॅकर पिऊन घेतात. त्या कडांना फवारणीआधी चपड्याचे दोन पातळ हात ब्रशने द्या.

दुरुस्ती

लॅकरवर: वाद्य कोरड्या खोलीत, किंवा द्रावकाचा वास पूर्ण गेला असेल तर कपाटात, दोन दिवस. मग आर्द्रता ६० खाली असलेल्या दुपारी ७० भाग एनसी थिनर आणि ३० भाग रिटार्डर असं मिश्रण, लॅकर न घालता, एक पातळ धुकट हात. पृष्ठभाग ओला दिसता कामा नये, फक्त तजेला यावा. थर जरा मऊ होतो, अडकलेलं पाणी सुटतं, आणि रिटार्डर शेवटपर्यंत मागे राहिल्यामुळे तो सावकाश, पारदर्शक मिटतो. दहा मिनिटांत साय विरली पाहिजे. नाही विरली तर एक तासाने आणखी एक हात, बस. तिसरा हात देण्यापेक्षा घासलेलं बरं.

पुढच्या हातांसाठी १०० मिली लॅकर, ८५ मिली थिनर, १५ मिली रिटार्डर. रिटार्डर एकूण मिश्रणाच्या दहा टक्क्यांपुढे नको. वीस टक्के घातलात तर साय येणार नाही, पण लॅकर आठवडेच्या आठवडे नखाने दबेल आणि केसच्या अस्तराची नक्षी त्यावर उमटेल. दिवसाला तीनऐवजी दोनच हात, मध्ये चार तास.

एक धोका ध्यानात ठेवा. बाइंडिंग (वाद्याच्या कडेची पट्टी) सेल्युलॉइडचं असेल तर थिनर ते विरघळवतं, आणि सनबर्स्टचा काळा-तांबडा त्यात उतरतो. बाइंडिंगपाशी धुकं अगदी नावापुरतं.

चपड्यावर: साय ताजी आणि वरवरची असेल तर वर सांगितलेला तीन-चार थेंबांचा स्पिरिटचा बोळाच पुरतो, फक्त स्पिरिट ९९ टक्क्यांचं हवं. सनबर्स्ट स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या रंगाने केला असेल आणि वर चपड्याचे चारच हात असतील, तर बोळा रंगापर्यंत पोचतो आणि कडा पुसट होतात. मग सनबर्स्ट कायमचा गेला. पाण्यात विरघळणारा रंग वापरला असेल तर ही भीती नाही, कारण स्पिरिट त्याला हलवत नाही. पुढचं वाद्य रंगवताना एवढं एक पथ्य पाळाच.

साय आत खोल असेल तर घासणं आलं. ६०० नंबरचा वॉटर पेपर, पाण्याऐवजी टर्पेंटाइनवर, छोट्या रबरी ठोकळ्यावर. कोरीव तबलीला सपाट ठोकळा चालत नाही, मधला उंचवटा आणि कडेची खोलगट पन्हळ यांच्या मधल्या वळणावर तो लगेच लाकडाला भिडतो. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला तरी काम होतं. पांढरेपणा गेला की तिथेच थांबा. तबलीची कड लाकडात जेमतेम अडीच-तीन मिमी आणि फिनिश सगळं मिळून एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, इतकीच तुमच्या हातात सवड आहे.

शेवटचं घासून चकाकवणं लॅकरवर चार आठवड्यांनी, पावसाळ्यात सहा. कॅलेंडरपेक्षा नाक बरं: पृष्ठभागाजवळ नाक नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर अजून वेळ आहे.

लाकडातली ओल

हवा, स्पिरिट, चपडा सगळं तपासलं, तरी दर वर्षी त्याच सुमारास गडबड होते, तेव्हा लाकडाकडे वळा. ८५ टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेलं लाकूड सतरा-अठरा टक्के ओल धरून बसतं. ५० टक्क्यांत तेच नऊ टक्क्यांवर येतं. सतरा टक्क्यांवर सील केलेलं वाद्य एसीत गेलं की आक्रसतं, बाइंडिंगची कड बोटाला लागते, मधल्या जोडावर बारीक रेघ उमटते. शिवाय ताज्या थराखालून ओल वर येत राहते ती वेगळी.

यासाठी मीटर घेण्याची गरज नाही, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरे. बिनपॉलिशचा सांगाडा रोज एकाच वेळी तोला. सातशे ग्रॅमच्या सांगाड्यात एक टक्का ओल म्हणजे साधारण सहा ग्रॅम. कपाटात ठेवल्यावर वजन उतरत जाईल. सलग तीन दिवस एका ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नाही की काम सुरू करा.

हे सगळं जमत नसेल तर जून ते सप्टेंबर तबली कोरा, फ्रेट बसवा, घोडी घडवा, आणि फिनिश दसऱ्यानंतर घ्या. घराला रंग काढायला आपण दसऱ्याची वाट पाहतोच. तेलाच्या व्हार्निशवर अशी साय सहसा येत नाही, पण दमट हवेत ते दिवसचे दिवस वाळत नाही आणि दरम्यान घरातलं प्रत्येक चिलट त्यावर बसतं. गिब्सन कंपनीचे वाद्यतज्ज्ञ लॉयड लोअर यांच्या सहीची, १९२२–२४ मधली एफ-५ मँडोलिन व्हार्निशची आहेत, हे खरं. ती अमेरिकेत मिशिगनच्या कॅलामाझूमध्ये बनली, कणकवलीत नाही.

वाजवताना पांढरं पडलं तर

तबलीच्या कडेला, उजवा हात टेकतो तिथे पांढरट, खरखरीत पट्टा: हा घाम. चपडा अल्कलीपुढे टिकत नाही, म्हणून साबणाच्या पाण्याने पुसणं हा उपाय नाही, तो आणखी एक घाव आहे. कोरड्या मलमलीने पुसा, वर दिलेला स्पिरिटचा बोळा फिरवा, आणि वादकाला आर्मरेस्ट बसवायला सांगा.

केस उघडल्यावर संपूर्ण पाठ धुरकट दिसली तर दोष केसच्या अस्तराचा. ओल्या मखमलीत वाद्य रात्रभर बंद राहिलं की हेच होतं. अस्तर उन्हात वाळवा, आत सिलिका जेलची १०० ग्रॅमची पुडी ठेवा, दाणे निळ्याचे गुलाबी झाले की कढईत मंद तापवून पुन्हा निळे करा. त्यासाठीही जुनी कढई घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. रेक्झिनचा पट्टा किंवा रबरी स्टँड लॅकरला टेकलेला ठेवू नका, त्याचा डाग जात नाही.

नेकचं मात्र वेगळं. पावसाळी कार्यक्रमांत घामट अंगठा जिथे रात्रभर वरखाली फिरतो, तिथे चपडाही टिकत नाही आणि लॅकरही चिकटतं. तिसऱ्या फ्रेटपासून नेकच्या मुळापर्यंत फिनिश काढून टाका: दोन्ही टोकांना मास्किंग टेप, स्क्रेपरने लाकडापर्यंत, मग ३२०, ४००, ६००, आणि जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर दहा मिनिटांनी पुसून कोरडा. टेप काढायच्या आधी कडेवर चपड्याचा एक थेंब बोटाने फिरवा, म्हणजे जुन्या थराची कड उचलली जात नाही.